बार काढल्यानंतर: पेनसिल्व्हेनियात जखमी हरणाचा माग काढणं आणि टॅग लावणं

पेनसिल्व्हेनियात बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. एक्स्टन, किंग ऑफ प्रशा, पिट्सबर्ग अशा भागांत राहणारी काही मराठी मंडळीही आता ऑफिसातल्या मित्रांच्या आग्रहाने किंवा इथेच वाढलेल्या मुलांच्या हट्टापायी रानात जाऊ लागली आहेत. हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स होतो, परवाना निघतो, रेंजवर जाऊन नेमही बसतो. पण बार काढल्यानंतरच्या काही तासांत काय करायचं, याची तयारी फार थोडे जण करतात. हा लेख त्या तासांबद्दल आहे.

माझी भूमिका आधीच सांगतो. ज्या हरणावर बार काढलात, ते हाती लागेपर्यंत किंवा त्याला काही झालेलं नाही याची खात्री होईपर्यंत ते तुमच्यावर सोपवलेलं आहे. जेवणाची वेळ झाली, अंधार पडला, मित्र गाडीत वाट पाहतायत, यातलं काहीही त्याच्या आड येता कामा नये. कायदाही तेच सांगतो. पेनसिल्व्हेनियाच्या गेम अँड वाइल्डलाइफ कोडनुसार, मारलेलं किंवा जखमी केलेलं जनावर शोधून ताब्यात घेण्याचा योग्य तो प्रयत्न करणं शिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. या लेखातलं काहीही भारतातल्या चितळाला, सांबराला किंवा भेकराला लागू करू नका. पण त्यामुळे हे ज्ञान आपल्याला घरातून मिळालेलं नसतं. इथे जन्मलेल्या शिकाऱ्याला आजोबांनी रानात नेऊन शिकवलेलं असतं. आपल्याला सगळं कोऱ्या पाटीवर शिकावं लागतं. याचा फायदा एवढाच, की आजोबांच्या चुकीच्या सवयी मोडाव्या लागत नाहीत.

टॅग का लागतो

टॅग म्हणजे परवान्याबरोबर मिळणारी, मारलेल्या हरणाला बांधायची कागदी चिठ्ठी. इथल्या कायद्यात रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं, सगळ्या जनतेचं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारात मटण आणि कातडी विकण्यासाठी एवढी बेसुमार शिकार झाली की पेनसिल्व्हेनियात हरीण दिसणं दुर्मीळ झालं. १८९५ मध्ये शिकार आणि वन्यजीवांचं काम पाहणारं राज्याचं गेम कमिशन स्थापन झालं. १९०० मध्ये लेसी अॅक्ट आला आणि बेकायदा मारलेलं जनावर राज्याबाहेर नेऊन विकणं हा केंद्रीय गुन्हा ठरला. १९०६ पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून इथे सोडली गेली. १९०७ मध्ये फक्त शिंगवाल्या नराचीच शिकार करता येईल असा कायदा झाला. आज उपनगरातल्या परसात हरणं गुलाब खाताना दिसतात, ती या सगळ्या खटाटोपामुळे.

एका माणसाने एका हंगामात किती जनावरं घेतली, याचा हिशोब ठेवण्याचं साधन म्हणजे टॅग. पुढच्या वर्षी कुठल्या भागात मादीचे किती परवाने द्यायचे हे ठरवताना गेम कमिशन शिकाऱ्यांनी कळवलेल्या माहितीचा आधार घेतं. टॅग चुकवणारा माणूस एक हरीण लपवतोच, शिवाय त्या मोजणीतही खोट घालतो.

घरातून निघण्याआधी

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांनी हे नीट वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला साधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणं, हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राची बंदूक थोडा वेळ हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडू शकतं. पेनसिल्व्हेनियाचा परवाना १ जुलै ते ३० जून चालतो. तो संपला की अपवादाचा आधारही गेला. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. नसेल तर इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या. या बाबतीत फुकटच्या सल्ल्यावर विसंबू नका.

परवाना हातात आला की त्यावरचे टॅग नीट पाहा. साध्या परवान्याबरोबर शिंगवाल्या नराचा एक टॅग मिळतो. मादीसाठी वेगळा अँटलरलेस (बिनशिंगी) परवाना घ्यावा लागतो आणि तो ठरावीक वाइल्डलाइफ मॅनेजमेंट युनिटपुरताच, म्हणजे राज्याच्या एका शिकार-विभागापुरताच असतो. ५सी युनिटचा टॅग ५बी मध्ये चालत नाही, मग युनिटची हद्द रस्त्याच्या पलीकडेच का असेना. आणखी एक बारकावा असा, की दोन्ही शिंगं ३ इंचांपेक्षा लहान असलेला कोवळा नर कायद्याच्या दृष्टीने अँटलरलेसच असतो. त्याला नराचा टॅग लावला तर ती चूक धरली जाते. परवाना फोनवर असला तरी टॅग कागदाचाच बाळगा, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

खिशात बॉलपेन हवं, तेही कोटाच्या आतल्या खिशात, कारण थंडीत शाई गोठते. जाड दोरा किंवा झिप टाय, छोटा सुरा, रबरी हातमोजे, डोक्यावर बांधायचा दिवा आणि त्याच्या जादा बॅटऱ्या, इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा, आणि पांढऱ्या टॉयलेट पेपरचा एक गुंडाळा एवढं सामान बरोबर घ्या. त्या गुंडाळ्याचं काम पुढे येईल.

आणि शेजारच्या जमीनमालकाची परवानगी. हे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, उजेडी, साध्या कपड्यांत जाऊन करा. पेनसिल्व्हेनियात जखमी हरीण दुसऱ्याच्या जमिनीत गेलं तर त्यामागे जाण्याचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही. झाडांवर उभे जांभळे पट्टे दिसले तर त्यांचा अर्थ ‘आत येऊ नये’ हाच. या राज्याच्या बहुतेक भागांत २०२० पासून त्या पट्ट्यांना पाटीइतकीच किंमत आहे. रात्री आठ वाजता रक्ताने माखलेल्या हातांनी अनोळखी दार ठोठावण्यापेक्षा आधीच ओळख करून फोन नंबर घेतलेला शंभरपट बरा.

बार काढल्यावरचं पहिलं मिनिट

मचाणावरून उतरू नका. बंदुकीत दुसरी गोळी भरा किंवा धनुष्याला दुसरा बाण लावा, आणि डोळे हरणावरून काढू नका. हरीण कसं हललं त्यावरून बरंच कळतं. मागचे दोन्ही पाय झाडून उसळी मारली तर गोळी बहुधा हृदयाच्या आसपास लागली आहे. पाठ कमानीसारखी वर करून, पोट आत ओढून, आखडत चालू लागलं तर पोटात लागली आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच आहे.

मग दोन जागा मनात पक्क्या करा. बार लागला तेव्हा हरीण उभं होतं ती एक, आणि शेवटचं दिसलं ती दुसरी. ‘त्या झुडपाजवळ’ असं चालत नाही. खाली उतरल्यावर सगळी झुडपं सारखीच दिसतात. मोडलेली फांदी, पांढऱ्या सालीचं झाड, दगड असं काहीतरी धरा. फोनच्या होकायंत्राने दिशा टिपा, मचाणावरूनच फोटो काढा, घड्याळ पाहा. आणि कान उघडे ठेवा. काटक्या मोडल्याचा, काहीतरी धपकन पडल्याचा आवाज कधीकधी सत्तर-ऐंशी यार्डांवरूनही येतो.

थांबणं

बहुतेक हरणं हरवतात ती इथेच. माणूस उत्साहाच्या भरात लगेच खाली उतरतो, मागावर जातो, आणि जे हरीण शंभर-दोनशे यार्डांवर बसून शांतपणे मेलं असतं ते उठून मैलभर पळतं.

जागा तपासायला जायचं असेल तर निदान अर्ध्या तासाने, पावलांचा आवाज न करता जा. बाण वापरला असेल तर तो आधी शोधा. बाणावर काय लागलंय ते पाहा, हुंगा. मटणाच्या दुकानातली भाषा इथे कामाला येते. फिकट, गुलाबीसर, फेस आणि बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस. दाट, काळपट लाल रक्त म्हणजे काळीज (यकृत). हिरवट-तपकिरी पाणी, चावलेल्या पाल्याचे कण आणि वजडी धुताना येते तशी उग्र दर्प म्हणजे पोट किंवा आतडी. भडक लाल, बुडबुडे नसलेलं, सुरुवातीला भरपूर आणि मग एकदम आटणारं रक्त बहुधा नुसत्या मांसाला लागल्याचं असतं. जमिनीवर पडलेले केसही पाहा. पांढरे असतील तर मार पोटाच्या खालच्या बाजूला, लांब आणि काळ्या टोकांचे असतील तर पाठीकडे.

आता किती थांबायचं? दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय असेल तर अर्धा तास पुरे. हरीण त्याआधीच गेलेलं असतं, बहुधा शे-दीडशे यार्डांच्या आत. काळजाला लागलं असेल तर चार ते सहा तास. पोटाला लागलं असेल तर आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळचा बार असेल तर सकाळपर्यंत. पोटात लागलेलं हरीण बहुधा जवळच्याच दाट झाडीत बसतं आणि कुणी हुसकावलं नाही तर तिथेच मरतं. फक्त मांसाला लागल्याची चिन्हं असतील तेव्हाच हा हिशोब बदलतो. तिथे अनेक अनुभवी शिकारी सावकाश पण लवकर मागावर जायला सांगतात.

पाऊस येणार असेल, किंवा ऑक्टोबरची उबदार रात्र असेल, तर मन द्विधा होतं. रक्त धुऊन जाईल, मटण खराब होईल, कोल्ह्याचे भाऊबंद कायोटी आधी पोहोचतील. तरीही पोटाच्या बाराला मी थांबायलाच सांगेन. रक्त धुऊन गेलं तरी जवळ बसलेलं हरीण शोधता येतं. हुसकावून पळवलेलं हरीण रक्त असूनही सापडत नाही, कारण पोटाच्या जखमेतून रक्त फार कमी पडतं. मटण वाया जाण्याची शक्यता आहे हे मान्य. पण घाई केली तर मटणही जातं आणि जनावर दोन दिवस तडफडतं.

माग

दोन, फार तर तीन माणसं घ्या. जास्त माणसं आली की खुणा तुडवल्या जातात. रक्ताच्या रेषेवरून चालू नका, तिच्या बाजूने चाला. एकाने शेवटच्या थेंबापाशी उभं राहायचं आणि पुढचा थेंब सापडल्याशिवाय तिथून हलायचं नाही. दुसऱ्याने वाकून पुढे शोधायचं. थेंब फक्त जमिनीवरच असतात असं नाही. गवताच्या पात्याच्या कडेला, रोपट्याच्या खोडावर गुडघ्याच्या उंचीला, ओलांडलेल्या ओंडक्यावर रक्त पुसलेलं असतं. डाग रक्ताचा की पानावरच्या तांबेऱ्याचा, असा संशय आला तर त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड मारा. रक्त असेल तर फेस येतो.

प्रत्येक दहा-पंधरा पावलांवर टॉयलेट पेपरचा एक तुकडा फांदीला अडकवत जा. रक्त संपलं की मागे वळून त्या पांढऱ्या तुकड्यांची रांग पाहा. हरणाचा रोख कुठे आहे ते तेव्हा दिसतं. परत येताना सगळे तुकडे गोळा करून आणा.

रक्त पूर्ण तुटलं तर शेवटच्या थेंबापासून वाढत्या वर्तुळांत शोधा. ओढे, तळी, दाट काटेरी झाडी, जुन्या हरणवाटा आधी पाहा. तिथेही काही नाही मिळालं तर कुत्र्याची मदत घ्या. पेनसिल्व्हेनियात २०१८ च्या कायद्यापासून जखमी हरीण शोधण्यासाठी दोरीला बांधलेला कुत्रा वापरता येतो. युनायटेड ब्लड ट्रॅकर्स ही संस्था राज्यवार अशा माणसांची यादी ठेवते. यातले कित्येकजण केवळ आवडीपोटी, मध्यरात्रीसुद्धा येतात. त्यांना लवकर बोलवा. सहा माणसांनी रान तुडवल्यावर बोलावलं तर कुत्र्याचंही काम अवघड होतं, कारण सगळ्यांच्या बुटांना लागलेलं रक्त सगळीकडे पसरलेलं असतं. उष्णता दिसणाऱ्या ड्रोनबद्दल राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. गेम वॉर्डनला, म्हणजे गेम कमिशनच्या अधिकाऱ्याला, विचारल्याशिवाय ड्रोन उडवू नका.

अंधारात मागावर असाल तर शिकारीची वेळ संपलेली आहे हे विसरू नका. हरणासाठी ती सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. बंदूक रिकामी करून ठेवा. दिव्याच्या उजेडात हरीण जिवंत दिसलं तर जागेची खूण करून मागे फिरा आणि गेम वॉर्डनला फोन करा.

हरणापाशी

मागच्या बाजूने, पाठीकडून जा. लांबूनच पोटाची हालचाल पाहा. मेलेल्या हरणाचे डोळे उघडे असतात. मिटलेले असतील तर सावध व्हा, ते बहुधा जिवंत आहे. लांब काठीच्या टोकाने डोळ्याला हलकेच स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच जवळ जा. हलली, आणि शिकारीची वेळ असेल, तर सुरक्षित कोनातून लगेच दुसरा बार. मटण किंवा शिंगं खराब होतील म्हणून त्याला तसंच तडफडत ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

मग टॅग. हरीण हलवण्याआधी, फोटो काढण्याआधी, मित्राला हाक मारण्याआधी. हातमोजा काढा, कागद मांडीवर किंवा बंदुकीच्या दस्त्यावर ठेवा, आणि टॅगवर विचारलेलं सगळं बॉलपेनने भरा. तारीख, वेळ, काउंटी, टाउनशिप, युनिट, नर असेल तर शिंगांच्या टोकांची संख्या. टाउनशिपचं नाव ऐनवेळी आठवत नाही, म्हणून सकाळीच नकाशावर पाहून ठेवा. कानाच्या बुडाशी सुऱ्याने बोटभर चीर द्या, दोरा ओवा, टॅग पक्का बांधा. डोकं पेंढा भरून जपायचं असेल तर चीर न देता दोरा कानाच्या बुडाशी घट्ट आवळून टॅग बांधता येतो. ओढत नेताना टॅग झुडपात अडकून निघणार नाही याची काळजी घ्या. मटण कापून खाण्याजोगं होईपर्यंत तो जागेवर राहिला पाहिजे. बहुतेक युनिटांत आधीच्या हरणाला टॅग लागल्याशिवाय दुसऱ्यावर बार काढता येत नाही.

दुसऱ्याचा टॅग कधीही लावू नका. ‘माझा संपलाय, तुझ्या बायकोचा लाव’ हे कॅम्पमध्ये सर्रास ऐकू येतं, आणि तो सरळ गुन्हा आहे. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात ठरावीक अटींवर एकाच्या टॅगवर गटातला दुसरा हरीण मारू शकतो. तिथे शिकलेला माणूस इकडे येऊन तसंच करतो आणि अडकतो. राज्य बदललं की नियमपुस्तिका नव्याने वाचायची. विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये हरणाला कागदी टॅग बांधण्याची सक्तीही काढली. तिथे हरीण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते.

चूक झाली तर? झुडपाआड शिंगं नीट दिसली नाहीत आणि भलतंच हरीण पडलं, तर पळून जाऊ नका. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात यासाठी वाट ठेवलेली आहे. आतडी काढून बाकी सगळं धड १२ तासांच्या आत वॉर्डनच्या हवाली करा आणि काय घडलं ते लिहून द्या. स्वतःहून सांगणाऱ्याला आणि लपवणाऱ्याला कायदा वेगवेगळ्या मापाने तोलतो.

एकाच हरणावर दोघांनी बार काढला असेल तर माझं मत असं: ज्याच्या बाराने ते नक्की मेलं असतं, हरीण त्याचं आणि टॅगही त्याचा. ठरत नसेल तर सोडून द्या. शिंगांवरून रानात भांडण, तेही दोघांच्या हातात बंदुका असताना, कुणाच्याच हिताचं नाही.

हरीण सापडलंच नाही तर

दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा जा. कावळे, गिधाडं कुठे उतरतायत ते पाहा. शेजारच्या मालकाला कळवून ठेवा. एवढं करूनही नाही सापडलं, आणि मार जीवघेणा होता असं तुमचं मन सांगत असेल, तर कायद्याने टॅग अजून तुमच्या खिशात आहे. मी तो वापरला गेला असंच धरतो आणि त्या प्रकारच्या हरणावर त्या हंगामात पुन्हा बार काढत नाही. हा माझा नियम आहे, राज्याचा नाही. पण तरुण शिकाऱ्यांना मी तोच सांगतो.

नोंद, मटण आणि रोग

१० दिवसांच्या आत हंटफिशपीए या संकेतस्थळावर, फोनने किंवा टपाल कार्डाने हरीण मिळाल्याची नोंद करा. बरेच लोक हे विसरतात. त्याच रात्री करून टाका आणि मिळालेला क्रमांक परवान्यावर लिहून ठेवा.

आतडी शक्य तितक्या लवकर काढा, पायवाटेपासून आणि ओढ्यापासून दूर. मटण ४ अंश सेल्सियसच्या आसपास लवकर यायला हवं. शिशाची गोळी वापरली असेल तर जखमेभोवतीचा भाग सढळ हाताने कापून टाका, कारण शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण बरेच लांब पसरतात. तेच कण आतड्यांच्या ढिगाऱ्यातून गरुडांच्या पोटात जातात. तांब्याच्या गोळ्या महाग पडतात, तरी मी त्याच घ्यायला सांगेन.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये पहिल्यांदा आढळला. बाधित भागांना डिसीज मॅनेजमेंट एरिया म्हणतात. तिथून डोकं, मेंदू, पाठीचा मणका, प्लीहा असे धोक्याचे भाग बाहेर नेता येत नाहीत, आणि हा रोग आढळलेल्या दुसऱ्या राज्यांतूनही ते इकडे आणता येत नाहीत. तपासणीसाठी गेम कमिशनने ठेवलेल्या पेट्यांत डोकं पिशवीत घालून टाका, आणि भरलेला टॅग कानाला तसाच राहू द्या. त्यावरूनच निकाल तुमच्यापर्यंत पोहोचतो. रोगट ठरलेल्या हरणाचं मटण खाऊ नये, असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. म्हणून निकाल येईपर्यंत मटणाच्या पाकिटांवर हरणाची तारीख घालून ती फ्रीजरमध्ये वेगळी ठेवा, दोन हरणांचं मटण एकत्र करू नका, आणि शेजाऱ्यांना वाटायचं असेल तर निकालानंतरच वाटा.

रानातल्या हरणाचं मटण विकता येत नाही, वाटता येतं. घरात तेवढं खपणार नसेल तर ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही संस्था १९९१ पासून या राज्यात ते गरजूंच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचवते. त्यांच्याशी जोडलेल्या खाटकाकडे टॅग लावलेलं हरीण नेऊन द्यायचं, एवढंच तुमचं काम.